क्रोशाची सुई आणि सत्त्वावजय

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णनोंदींचे पुस्तक एकदा सलग चाळून पाहावे, अशी विनंती करावीशी वाटते. अनिद्रा, अम्लपित्त, छातीत धडधड, शिरःशूल, अकारण चिडचिड, कशातच मन न लागणे, अशा तक्रारी पानोपानी आढळतील. आणि त्यांच्यासमोर ब्राह्मी, अश्वगंधा, जटामांसी, सारस्वतारिष्ट ही नावेही तितक्याच वेळा आढळतील. ही योजना चुकीची आहे असे मुळीच नाही. परंतु चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली असताना आपल्या चिठ्ठीवर मात्र केवळ युक्तिव्यपाश्रय, आणि त्यातही केवळ औषध, एवढेच का उरावे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करणे म्हणजे सत्त्वावजय. ही व्याख्या आपण परीक्षेत लिहितो. चिकित्सालयात मात्र तिचे रूपांतर ‘काळजी करू नका’ या तीन शब्दांत होते. काळजी न करण्यासाठी मनाला दुसरे काही तरी धरायला द्यावे लागते, हे आपण सांगत नाही.

मनाला धरायला द्यावयाच्या अशा गोष्टींपैकी एक अगदी साधी, स्वस्त आणि मराठी घरांना परिचित गोष्ट म्हणजे क्रोशाचे विणकाम. या कामाचा चिकित्सेच्या अंगाने गंभीरपणे विचार व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम परिस्थिती पाहू. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पिंपरीच्या माळरानाचे रूप बदलू लागले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्या सुमारास चाकणही मोटारनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. या काळात मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून असंख्य कुटुंबे येथे आली. कारखान्यातील माणूस आठवड्या-आठवड्याने पाळी बदलतो. त्याच्या पाळीबरोबर घराची झोप, जेवण आणि बोलणेचालणेही बदलते. रात्रिजागरण रूक्ष असून वातवर्धक आहे, हे आपण जाणतो. जागरण झालेल्याने सकाळी उपाशीपोटी त्याच्या निम्मा वेळ झोपावे, हा वाग्भटाचा उपदेशही रुग्णांना सांगतो. पण रात्रपाळीवरून आलेला मनुष्य झोपलेला असताना दोन खोल्यांच्या घरात आवाज न करता बसून राहणाऱ्या त्याच्या पत्नीचा, किंवा गावाकडून आलेल्या आणि शेजारी कोणाशीच ओळख नसलेल्या त्याच्या आईचा विचार आपल्या शास्त्राने केला नसला, तरी आपण केला पाहिजे. यांच्या हाताला काम नाही आणि मनाला विश्रांती नाही. आता हातात भ्रमणध्वनी आला आहे. त्यामुळे डोळ्यांचा अतियोग आणि हातांचा हीनयोग एकाच वेळी घडतो आहे.

पूर्वी असे नव्हते. मावळ-मुळशीच्या स्त्रिया पहाटे जात्यावर दळत आणि दळताना गात. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांपासून आरंभ करून या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचे कौतुक, विठ्ठलाची भक्ती, सारे काही त्यांत आहे. दळणाचे कष्ट फार होते आणि ते परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु पिठाची गिरणी आली तेव्हा कष्टांबरोबर आणखी एक गोष्ट गेली: हाताच्या एकसुरी हालचालीच्या आधाराने मन मोकळे करण्याची नित्याची जागा. ही रिकामी झालेली जागा भरून काढणारे काम आज शोधावे लागते.

क्रोशाचे काम त्या जागी बसते, असे म्हणण्यास शास्त्रीय आधार आहे. मन हे उभयात्मक इंद्रिय आहे. ते ज्ञानेंद्रियांना जसे चालना देते, तसे कर्मेंद्रियांनाही देते. विणताना चक्षू, स्पर्श आणि हस्त ही तिन्ही एकाच टाक्यावर येतात, त्यामुळे मनाला इंद्रियाभिग्रहाचा सराव आपोआप घडतो. प्रज्ञापराधाच्या मुळाशी धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश असतो; आणि या तिघींचाही अभ्यास या लहानशा कामात आहे. साखळ्या किती झाल्या, कोणत्या घरात खांब घालायचा, हे लक्षात ठेवणे हे स्मृतीचे काम. ओळ चुकली आहे हे ओळखून ती वेळीच उसवणे हे धीचे काम. उसवल्यावर न वैतागता पुन्हा विणणे आणि हाती घेतलेला रुमाल पुरा करणे हे धृतीचे काम. चुकीचा टाका दोरा ओढताच सुटतो व दोरा वाया जात नाही, ही गोष्ट आत्मविश्वास गमावलेल्या रुग्णाच्या दृष्टीने लहान नाही.

आधुनिक अभ्यासही या दिशेने बोलतात, पण त्यांचे वजन नेमके तोलले पाहिजे. २०१३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी या नियतकालिकात विणकाम करणाऱ्या ३,५४५ व्यक्तींचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यात विणण्याची वारंवारता आणि शांत व आनंदी वाटणे यांचा संबंध दिसून आला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ क्रोशे करणाऱ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात ८,३९१ जणांनी उत्तरे दिली आणि सुमारे ९० टक्क्यांनी या कामाने शांत वाटते असे सांगितले. मात्र उत्तरे देणारे बहुतेक सर्वजण मुळातच या कामाचे प्रेमी होते, जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या, आणि विणकाम न करणाऱ्यांशी त्यांची तुलना झालेली नव्हती. म्हणून ‘क्रोशाने नैराश्य बरे होते’ असे या आधारे म्हणता येत नाही. ‘ज्यांना ते रुचते त्यांना त्याने बरे वाटते’ एवढेच म्हणता येते. चिकित्सेचे साहाय्यक अंग म्हणून एवढाही आधार पुरेसा आहे.

कोणी म्हणेल, वैद्याने विणकाम सांगावे हे शोभते का? सुश्रुताचार्यांना ते अशोभनीय वाटले नसते. योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याने सीवनकर्माचा सराव वस्त्राच्या काठांवर व मऊ चामड्यावर करावा असे त्यांनी सांगितले. आणि व्रणसीवनाच्या प्रकारांत रफू करणाऱ्याच्या टाक्यावरून तुन्नसेवनी हे नाव घेतले. सुई-दोऱ्याने हात आणि लक्ष घडते, हे आपल्या परंपरेने जाणले होते.

दुसरा आक्षेप असा की हे बायकांचे काम आहे. या पट्ट्यात तरी हा आक्षेप टिकू नये. येथे निवृत्त फिटर, टर्नर, टूलरूममधील कारागीर घरोघर आहेत. ज्यांच्या बोटांना एकेकाळी मिलिमीटरच्या शतांश भागाची जाण होती, ते निवृत्तीनंतर वर्षभरात अंगदुखी आणि निद्रानाश घेऊन आपल्याकडे येतात. ज्या पट्ट्यात रोबो वेल्डिंग करतात, तेथेही खरे क्रोशाकाम यंत्राला सहजासहजी साधत नाही, हे अशा रुग्णांना सांगून पाहावे. त्यांचे कुतूहल जागे होते.

तिसरी बाजू समूहाची. १९७३ मध्ये टेल्कोच्या कामगारांच्या घरच्या स्त्रियांसाठी लीला मुळगावकर यांच्या पुढाकाराने पुण्यात गृहिणी संस्था उभी राहिली. तिचा हेतू अर्थार्जनाचा होता. परंतु चार भिंतींबाहेर पडून हाताने काही करणे आणि सोबत करणे याचे मोल त्या उपक्रमातूनही कळते. चेन्नई येथे ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहाने घरोघरी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडले व जागतिक विक्रम केला. विक्रम महत्त्वाचा नाही. घरात एकट्याने विणलेला तुकडा कोणाच्या तरी तुकड्याशी जोडला जातो, ही भावना महत्त्वाची.

आध्यात्मिक बाजूविषयी जपून बोलावे. टाके मोजणे आणि माळेचे मणी ओढणे यांत साम्य आहे, पण विणकाम म्हणजे साधना असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही आपली वस्ती देहू आणि आळंदी यांच्या शेजारी आहे. चाकणच्या कारखान्यांजवळच तुकोबांच्या चिंतनाशी जोडलेला भामचंद्राचा डोंगर आहे. सावता माळी, गोरा कुंभार, शिंपी समाजातील नामदेव यांच्या परंपरेने हातातले काम आणि मुखातले नाम यांत विरोध मानला नाही. श्रद्धावान रुग्णाला विणता विणता नामस्मरण करा, असे सांगण्यास म्हणून संकोच नसावा. ज्याला ते नको त्याच्यावर लादूही नये.

औषधाप्रमाणे या कामालाही मात्रा, काल आणि पथ्य हवे. आरंभी जाड सुती दोरा आणि तीन-चार मिलिमीटरची सुई घ्यावी. लोकरीचे तंतू तमकश्वासाच्या रुग्णाला टाळावेत. एका बैठकीला वीस मिनिटे पुरेत. नंतर मान, खांदे, मनगट मोकळे करून दूरवर पाहावे. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा नियम बोटांनाही लागू आहे. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्याला उजव्या. हातांना तिळतेलाचा अभ्यंग हितकर. विश्वाची, मनगटात मुंग्या येणे, संधिशोथाची तीव्र अवस्था असेल तर हे काम थांबवावे. पाळीवरून येताच किंवा रात्री उशिरा विणत बसू नये, अन्यथा त्याचेच जागरण होईल. आणि ज्याला काही दिवसांतच ते रुचत नाही त्याला दुसरे काम सुचवावे. फुलांचे हार, कुंडीतली लागवड, वाती वळणे, सात्म्य असेल ते.

सर्वांत मोठे पथ्य वैद्याचे आहे. जीवन नकोसे झाल्याची भाषा, खाणेपिणे सुटणे, भ्रम, अशी लक्षणे दिसताच विणकामाच्या भरवशावर न राहता रुग्णाला मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात दर्शनी लावावा.

औषधविक्रेते बंधूंना एक स्पष्ट गोष्ट सांगावी लागेल. मनःशांतीच्या कॅप्सूलच्या बाटलीवर नफा आहे, क्रोशाच्या सल्ल्यावर नाही. पण दुकानात प्रथम शिरणारा रुग्ण वैद्याकडे न जाता थेट आपल्यालाच ‘झोपेसाठी काही द्या’ म्हणतो, हे आपण रोज पाहता. त्याला बाटली देण्यापूर्वी पाळी कोणती, घरी कोण, दिवस कसा जातो, एवढे तीन प्रश्न विचारले तर त्याचा विश्वास मिळेल, आणि विश्वासाचे गिऱ्हाईक दहा वर्षे टिकते. मात्र उद्या कोणी सुई-दोऱ्याच्या पाकिटावर ‘मानसिक विकारांवर हमखास’ असे छापून विकू लागला, तर त्याला आपल्या फळीवर जागा देऊ नये. अशा फसव्या दाव्यांनी आयुर्वेदाचे आधीच पुष्कळ नुकसान केले आहे.

संघटनेकडे एक सूचना करावीशी वाटते. पट्ट्यातील काही चिकित्सालयांनी इच्छुक रुग्णांना तीन महिने हे काम सुचवावे. निद्रेचे तास, अग्नी, चिडचिड यांची साधी नोंद आधी व नंतर ठेवावी. ज्यांना उपयोग झाला नाही त्यांच्या नोंदीही तितक्याच निष्ठेने जपाव्यात. फळ काहीही निघो, सत्त्वावजय हा शब्द त्या निमित्ताने ग्रंथातून चिठ्ठीवर उतरेल. औषधाच्या नावाखाली एक ओळ हाताच्या कामासाठी मोकळी ठेवण्याची सवय आपण लावून घ्यावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.