‘बरं’ या शब्दाविषयी

र. धों. कर्वे यांच्यावर 1934 साली जो खटला चालला, तो एखाद्या लेखावरून किंवा गोष्टीवरून नव्हता. आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं सरकारला अश्लील वाटली होती. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयी विचारणा होती, तशी समलिंगी संबंधांविषयीही होती. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचं लिखाण केवळ त्या विषयावरचं आहे म्हणून अश्लील ठरत नाही, वाचक विचारणार असतील तर संपादकानं उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा सूर होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखलेही त्यांनी दिले. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला आणि मासिक पुढेही निघत राहिलं.

नव्वद वर्षांनंतरही समलिंगी संबंधांविषयीचा तो प्रश्न बंद पाकिटातूनच येतो. आता पाकीट मोबाइलचं असतं, एवढाच फरक. विचारणारा तरुण असो वा तरुणी, एक वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं: ‘हे बरं होईल का?’

मराठीत ‘बरं’ हा शब्द फार कामं करतो. ताप उतरला की माणूस बरा होतो. चारचौघांत पाय पसरून बसलं तर ते बरं दिसत नाही. आणि दिवसभर ऑफिसात घुसमटून घरी आल्यावर चप्पल काढताना बरं वाटतं. समलिंगी किंवा पारलिंगी मुलाच्या घरात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. लोकांत बरं दिसावं म्हणून घरचे त्याला बरं करायला निघतात. त्याला बरं वाटतंय का, हे विचारायचं राहून जातं. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे तो हाच राहून गेलेला प्रश्न.

मुळात बरं करायला इथे आजार नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशननं डिसेंबर 1973 मध्ये समलैंगिकता मनोविकारांच्या यादीतून काढली. त्याच्या दीड वर्ष आधी, 1972 च्या अधिवेशनात, जॉन फ्रायर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा घालून, आवाज बदलून व्यासपीठावर आले होते. आपण स्वतः समलिंगी आहोत, हे त्यांना आपल्याच व्यवसायबंधूंसमोर उघड्या चेहऱ्यानं सांगता येत नव्हतं. रुग्ण कोण आणि डॉक्टर कोण, ही सोयीची विभागणी त्या सभागृहात मोडली. जागतिक आरोग्य संघटनेनं हाच निर्णय 17 मे 1990 रोजी घेतला. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं 2018 साली जाहीर निवेदन काढलं आणि त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 च्या कचाट्यातून सोडवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 तर स्पष्टच म्हणतो की लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही.

कागद साफ झाला, सवय गेली नाही. केरळमधल्या एका विद्यार्थिनीनं 2020 च्या मार्चमध्ये समाजमाध्यमावर सांगितलं होतं की, ती उभयलिंगी आकर्षण असलेली आहे हे कळल्यावर घरच्यांनी तिला बळजबरीनं उपचार केंद्रांत ठेवलं. मे महिन्यात तिनं गोव्यात आयुष्य संपवलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘बदलण्याचे उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं ते 2022 साली. मधल्या काळात किती जणांना ‘लग्न करून दे, ताळ्यावर येईल’ हा सल्ला पांढऱ्या कोटातूनच मिळाला असेल, याची नोंद कुठल्याच फायलीत नसते. देवऋषी निदान अंगारा तरी देतो, भिंतीवरची पदवी दाखवत नाही.

प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची आठवण मराठी अंकानं काढली पाहिजे, कारण ते आधी मराठीचे होते, त्यांच्यावरच्या ‘अलीगढ’ सिनेमाचे नंतर. नागपूरला मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र शिकलेला हा माणूस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होता. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जण त्यांच्या घरात घुसले, खासगी क्षणाचं चित्रीकरण केलं आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांनाच. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, आणि 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. न्यायालयातला निकाल माणसाच्या बाजूनं लागल्यावरही पुढच्या सहा दिवसांत कोण त्याच्याशी काय बोललं, कोण बोललं नाही, हे निकालपत्रात येत नसतं.

या न दिसणाऱ्या भागाला अभ्यासकांनी नाव दिलं आहे. इलान मायर यांनी 2003 साली मांडलेला अल्पसंख्याकांच्या ताणाचा सिद्धांत सांगतो की, नैराश्य आणि चिंतेचं वाढलेलं प्रमाण समलिंगी असण्यातून येत नाही. टोमणे, मारहाण, कधीही उघडं पडू ही धास्ती, सततची लपवाछपवी आणि लहानपणापासून ऐकलेलं ‘बायल्या’ स्वतःच्याच तोंडून स्वतःला ऐकू येणं, यातून ते येतं. लपवाछपवी मराठीत करणं तर विशेष दमवणारं. इंग्रजीत जोडीदाराविषयी दोन-चार वाक्यं लिंग न सांगता उरकता येतात. मराठीत ‘काल जेवायला गेलो होतो’ म्हटल्यावर पुढचाच प्रश्न ‘कोण आलं होतं?’ आणि मग ‘आला’ की ‘आली’, ‘त्यानं’ की ‘तिनं’, ‘केलेला’ की ‘केलेली’. प्रत्येक क्रियापदावर पहारा. सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर शनिवार-रविवारच्या गप्पा मारताना जो सहकारी ‘काही नाही, घरीच होतो’ एवढंच म्हणतो, तो माणूसघाणा असेलच असं नाही. व्याकरण सांभाळून तो थकलेला असू शकतो.

म्हणूनच होकारात्मक समुपदेशन, म्हणजे ज्याला क्वीअर-होकारात्मक पद्धत म्हणतात ते, मराठीत करायचं तर क्रियापदापासून सुरू होतं. समोरची व्यक्ती ‘मी आले’ म्हणाली आणि नोंदवहीत नाव पुरुषाचं असलं, तर समुपदेशकानं ‘आलीस’ म्हणायचं. ‘लग्न झालंय?’ याऐवजी ‘जोडीदार आहे का?’ विचारायचं. ‘जोडीदार’ हा शब्द मराठीत किती वर्षं पडून होता, त्याला आता काम मिळालं. बाकी पद्धत दिसते तितकी सोपी नाही. तटस्थ राहणं हा समुपदेशकाचा सद्गुण समजला जातो, पण ज्याला जगानं आयुष्यभर दोषी ठरवलं त्याच्यासमोरची तटस्थता ही शांतपणे मारलेला शिक्काच वाटते. इथे समुपदेशकाला बाजू घ्यावी लागते. दुःखाचं कारण माणसात शोधण्याआधी त्याच्या घरात, वर्गात, गल्लीत शोधावं लागतं, आणि त्याआधी स्वतःचे पूर्वग्रह तपासावे लागतात. मुंबईतली मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांना याचं रीतसर प्रशिक्षण देते, आणि ते देणारे समुपदेशक स्वतः या समूहातले आहेत.

होकार म्हणजे येईल त्याला मान डोलावणं, असा एक गैरसमज आहे. दारू वाढली असेल, जोडीदार मारत असेल, तर त्यावर इतर कुणाशी बोलावं तितकंच रोखठोक बोललं जातं. ‘घरी सांगून टाक, मोकळा होशील’ हा सल्लाही सरसकट दिला जात नाही. परदेशी पुस्तकांत घरी सांगणं हा मुक्तीचा टप्पा असतो. ज्या मुलीचा मोबाइल, कॉलेजची फी आणि झोपायची खोली तिन्ही वडिलांच्या हातात आहेत, तिच्यासाठी आधी पगार, मग मैत्रीण, मग घर असा क्रमही होकारात्मकच ठरतो.

समुपदेशनाची गरज नेमकी कुणाला, याचं उत्तम उदाहरण एका न्यायमूर्तींनी घालून दिलं. 2021 साली मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांपासून संरक्षण मागत मद्रास उच्च न्यायालयात आल्या. न्या. आनंद वेंकटेश यांनी आधी त्या दोघींना आणि मग त्यांच्या आईवडिलांना समुपदेशकाकडे पाठवलं. अहवाल आला: मुलींच्या मनात गोंधळ नाही, पालकांच्या मनात समाजाची धास्ती आहे. पुढे न्यायमूर्तींनी जे केलं ते आपल्याकडे खुर्चीवरचा माणूस सहसा करत नाही. या विषयातली आपली समज अपुरी आहे, हे आदेशात लिहून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. 7 जूनच्या आदेशात लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांवर बंदी घालण्यात आली.

सगळ्यांनाच असा न्यायाधीश आणि असा समुपदेशक मिळत नाही. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, मग या विषयाची जाण असलेला तालुक्याच्या गावी कुठून सापडणार? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’सारखी पुस्तकं मराठीत लिहिली. अशा पुस्तकांनी कितीतरी ठिकाणी समुपदेशकाची जागा भरून काढली. कर्व्यांचं प्रश्नोत्तराचं काम बंद पडलं नव्हतं म्हणायचं.

दिवाळी हा या मंडळींसाठी अवघड आठवडा असतो. अख्खं घर एकत्र, चकली तोंडात टाकून काकू ‘यंदा तरी लाडू कधी?’ विचारणार. भाऊबीजेला पाटावर कुणी बसायचं आणि ओवाळायचं कुणी, हे जन्मदाखला ठरवणार. दारं बंद करून फोनवर बोलायलाही खोली मोकळी नसते. त्यामुळे ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक (मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत) या विषयाच्या पानांवर छापलेला नाही. ती पानं उघडून बसलेला मुलगा कुणाच्याही नजरेत भरेल. क्रमांक राशिभविष्यात आहे, कन्या राशीच्या खाली, चौकटीत. ते पान कुणीही कितीही वेळ वाचत बसलं, तरी घरात कुणी कारण विचारत नाही.