निकालाचा कागद कुणाच्या कपाटात?

आपल्या घरातली कागदांची पिशवी जरा आठवून बघा. रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, विम्याची पॉलिसी, घरपट्टीच्या पावत्या... सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं. बंद पडलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्डसुद्धा आपण टाकून देत नाही! पण जिच्या आयुष्याचा निकाल कोर्टात लागला, अशा एखाद्या बाईला विचारा, "निकालाचा कागद कुठाय गं?" उत्तर ठरलेलं असतं. "वकीलसाहेबांकडे असेल." नाहीतर, "दादाला माहीत."

मी निवृत्त शिक्षिका. वकील नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावात चार मैत्रिणी मिळून आम्ही बायकांसाठी सल्ला केंद्र चालवतो. तिथे बसून इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. बाई कोर्टात हरते त्यापेक्षा जास्त वेळा, जिंकूनही कागद हातात नसल्यामुळे हरते.

एक उदाहरण सांगते. एकीला दरमहा पोटगीचा आदेश मिळाला. नवऱ्याने दोन-तीन महिने पैसे दिले, मग बंद. ही बिचारी वाट बघत बसली. आज देईल, उद्या देईल, उगाच वाद नको. आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. आदेशाची प्रत वकिलांकडे, आणि वकील ऑफिस हलवून शहरात गेलेले! नक्कल काढली, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. पूर्वीच्या फौजदारी संहितेचं कलम १२५ घ्या, नाहीतर १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. दोन्हीत थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. त्याआधीच्या महिन्यांचे पैसे त्या रस्त्याने मिळेनात. आदेश हातात असता, त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं असतं, तर ती दोन वर्षं गप्प बसली असती का?

दुसरी एक. माहेरी येऊन राहिलेली. कानावर आलं की नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि सांगत फिरतोय, "कोर्टाने फारकत दिलीय." हिला ना नोटीस, ना तारीख. सगळे म्हणाले, आता काय उपयोग? आम्ही तिला म्हटलं, आधी कागद बघू. निकालाची, रोजनाम्याची आणि बेलिफाच्या अहवालाची नक्कल मागितली. रोजनामा म्हणजे कोर्टाची डायरी. कुठल्या तारखेला कोण हजर, कोण गैरहजर, काय हुकूम झाला, ते सगळं त्यात असतं. त्यातून कळलं की समन्स सासरच्या पत्त्यावर गेलं होतं, ती तिथे राहतच नव्हती! एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. पण समन्स नीट बजावलं गेलं नसेल, तर ते दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. पुढे तिच्या वकिलांनी त्याच कागदांवर अर्ज केला. रडून जे सांगता येत नव्हतं, ते चार पानांनी सांगितलं.

आपल्याकडे म्हणतातच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. बायकांनी ही म्हण जरा जास्तच मनावर घेतलीय. केस चालू असताना नाइलाजाने जायचं, आणि निकाल लागला की सुटलो म्हणून पाठ फिरवायची. पण मैत्रिणींनो, निकाल लागला म्हणजे काम संपलं असं नाही. पासपोर्टला, दुसऱ्या लग्नाला, जमिनीच्या फेरफाराला, सगळीकडे विचारतात, "सहीशिक्क्याची नक्कल आणलीत का?"

आणि ही नक्कल काही कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. काही कागद तर कायद्याने फुकट द्यायचे आहेत. हे कितीजणींना ठाऊक आहे? हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला, तर हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी असं कलम २३ सांगतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २४ आहे. त्याखाली झालेल्या प्रत्येक आदेशाची प्रत अर्जदार बाईला फुकट, शिवाय पोलीस ठाण्यालाही द्यायची. आणि वर सांगितलेल्या पोटगीच्या आदेशाची प्रतसुद्धा जिच्या बाजूने आदेश झाला तिला विनाशुल्क. म्हणजे आपल्या बायकांचे जे तीन नेहमीचे दावे, त्या तिन्हींत पहिली प्रत मोफत. तरीही किती बायका त्यासाठी इकडून तिकडून पैसे उसने घेताना मी पाहिल्यात!

बाकीच्या कागदांना खर्च येतो, पण तो पानांच्या हिशेबाने. वाटण्याच्या दाव्यात तडजोड झाली, भावाने सही घेतली, पण नेमकं कशावर सही केली ते माहीत नाही, असं सांगणाऱ्या बहिणी पुष्कळ. तडजोडीच्या हुकूमनाम्याची नक्कल काढली की कळतं, कुठल्या गटातला किती हिस्सा सोडला ते. तुम्ही दाव्यात पक्षकार असाल, तर तो कागद मिळणं हा तुमचा हक्क आहे. भावाची परवानगी लागत नाही.

हे करायचं कसं? घाबरण्यासारखं काही नाही. ज्या कोर्टात निकाल झाला, तिथल्या नक्कल विभागात जायचं. तालुक्याच्या कोर्टात हा विभाग म्हणजे बहुतेक वेळा एक टेबल आणि एक कारकून. अर्जात कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार, नंबर आणि वर्ष, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि कुठला कागद हवा ते लिहायचं. निकालपत्र, हुकूमनामा, रोजनामा, साक्ष, हे सगळे वेगवेगळे कागद. "सगळं द्या" म्हणू नका, नाव घेऊन मागा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नकलेचा खर्च भरायचा आणि पावती नीट जपायची. घाई असेल तर तातडीची नक्कल मागता येते, तिला जास्त पैसे पडतात.

नक्कल हातात आली की आधी त्यावरच्या तारखा बघा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे त्यावर लिहिलेलं असतं. या तारखांना मोल आहे. अपिलाची मुदत थोडी असते, तालुक्याच्या दिवाणी कोर्टाच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायला ३० दिवस. पण नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्या मुदतीतून वगळतात. मात्र तयार झालेली नक्कल आणायला आपण आठ दिवस लावले, तर ते आठ दिवस आपल्याच खात्यावर!

दाव्याचा नंबरच माहीत नसेल तर? लेकीला नाहीतर सुनेला मोबाइल काढायला सांगा. २०१३ पासून ई-कोर्ट्सची सोय आहे. जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावावरून दावा शोधता येतो. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांचा आणि आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो, तो डायरीत लिहून ठेवा. पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झालं, ते घरबसल्या कळतं. "तारीख पडली" एवढ्यावर समाधान मानायची गरज उरत नाही. बरेच आदेश तिथे वाचायलाही मिळतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथून उतरवलेल्या प्रतीवर सहीशिक्का नसतो, ती माहितीपुरती. आणि नवरा-बायकोच्या दाव्यातले किंवा अत्याचाराच्या खटल्यातले कागद तिथे बहुधा उघडे ठेवत नाहीत. ते बरंच आहे. उद्या शेजारीण बसून आपल्या संसाराचे कागद वाचत बसली तर कसं वाटेल? त्रयस्थ माणसाला कोर्टातला कागद हवा असेल, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी मागावी लागते, तीही याचसाठी.

कुणी सांगतं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, चुटकीसरशी मिळेल. तसं नाही. खटल्यातले कागद कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्या मदतीत नकला काढून देणंही येतं. १५१०० हा त्यांचा फोन नंबर, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता थोडं कोर्टांनाही सांगायचंय. वकील वाईट आणि कारकून वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. ढिगाऱ्यातून तीस वर्षांपूर्वीची फाइल शोधून देणारे रेकॉर्ड रूममधले लोक मी पाहिलेत. पण फुकट द्यायची प्रत बाईने मागितल्यावरच का द्यावी? निकालाच्या दिवशी तिच्या हातात का ठेवू नये? कुठल्या कागदाला किती पैसे आणि कुठला फुकट, असा मराठीतला फलक नक्कल विभागाच्या दाराशी का नसावा? आणि निकाल इंग्रजीत असेल, तर निदान शेवटचा आदेश तिला मराठीत समजावून सांगायला कुणी असावं. यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको. एक फलक आणि थोडी आस्था पुरे.

तोवर आपलं काम आपण करू. तुमचा किंवा ओळखीतल्या कुणाचा निकाल लागलेला असेल, तर या महिन्यात सहीशिक्क्याची नक्कल मागा. तिच्या दोन झेरॉक्स काढा, एक माहेरी नाहीतर विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, न समजलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि विचारा. वकिलांना "साहेब, माझी प्रत द्या" असं म्हणायला लाजू नका. त्यात अविश्वास नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले तरी किल्ली आपण आपल्याकडेच ठेवतो ना? मग स्वतःच्या आयुष्याचा कागद दुसऱ्याच्या कपाटात कशाला?