पायी आलेले टॉपर्स

वीकएण्डला हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जाता ना? मग येताना पाच मिनिटं दापोलीला थांबाच. तिथलं जुनं मिशन हायस्कूल, म्हणजे आजचं ए. जी. हायस्कूल. इथून १८९७ साली मॅट्रिक झालेले पां. वा. काणे १९६३ मध्ये भारतरत्न झाले. साने गुरुजीही इथलेच. सुट्टी मिळाली की पालगडला घरी जायचे, तेही चालत!

खेळांचं काय म्हणता? माझ्या मते या भागाचा खरा खेळ एकच, चालणं. हर्णेच्या शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तर परीक्षेसाठी थेट साताऱ्याला चालत गेले. शंभरएक मैल, मध्ये अख्खा सह्याद्री. आणि तिथे? वयाने लहान दिसतोय म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! पठ्ठ्या नंतर कोल्हापूरला जाऊन पास झाला. १९५८ चे भारतरत्न, बॉस! आपण लिफ्ट बंद पडली की अॅडमिनला मेल टाकतो.

परवा आमचा एक कलीग लेकासाठी शाळा शोधत होता. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, ‘‘बस एसी आहे ना?’’