अर्जात लाज कसली?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका शहरात मुलाकडे कायमचे राहायला गेलेले एक मराठी गृहस्थ. वय ७२. पुण्यात असताना सारे आयुष्य सायकलवर आणि बसमध्ये गेले. कुणाला ‘जरा सोडतोस का?’ म्हणण्याची वेळ कधी आली नाही. तिकडे गेल्यावर काही वर्षांतच मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. केंद्र घरापासून चार मैलांवर. नेण्या-आणण्याचे काम सुनेकडे. तीन दिवस तिची अर्ध्या दिवसाची रजा ठरलेली. रजा संपत आल्या आणि घरात न बोलता ताण वाढू लागला. तेव्हा केंद्रातल्या समाजसेविकेने एक अर्ज त्यांच्या हाती ठेवला.

तो अर्ज होता ‘पॅराट्रान्झिट’चा. ज्यांना अपंगत्वामुळे नेहमीची बस किंवा लोकल वापरता येत नाही, त्यांच्यासाठी सार्वजनिक वाहतूक संस्थेने चालवलेली ही गाडी. आदल्या दिवशी फोन करून वेळ सांगायची. गाडी घरी येते, वाटेत आणखी एक-दोघांना घेते आणि मुक्कामी पोहोचवते. न्यूयॉर्कमध्ये तिला ‘ॲक्सेस-अ-राइड’ म्हणतात, न्यू जर्सीत ‘ॲक्सेस लिंक’, बॉस्टनमध्ये ‘द राइड’. नावे निराळी, पण पाठीशी कायदा एकच, १९९० चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’.

आजोबा रात्री चश्मा लावून अर्ज भरायला बसले. पहिलाच प्रश्न : बसथांब्यापर्यंत चालत जाऊ शकता का? त्यांनी ठळक अक्षरात लिहिले, ‘होय’. बसची पायरी चढू शकता? ‘होय’. थांब्यावर उभे राहू शकता? ‘होय’.

आजी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, परवा केंद्रातून बाहेर पडल्यावर भिंतीला धरून बसलात, ते कुठे लिहिलंत?”

“ते एखाद्या दिवशीचं गं. एरवी जमतं मला.”

“एखाद्या दिवशी? आठवड्यातून तीनदा होतं ते!”

सून म्हणाली, “बाबा, तुम्ही आजारी आहात का, हे ते विचारतच नाहीयेत. कुठला प्रवास तुमच्याने होत नाही, तेवढंच विचारताहेत.”

प्रश्न रोगाचा नाही, प्रवासाचा

सुनेने नेमके मर्म सांगितले होते. या सेवेसाठी वय पुरेसे नाही आणि रोगाचे नावही पुरेसे नाही. दोघांना एकच आजार असला तरी एकाला सेवा मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. कायद्यात पात्रतेच्या तीन वाटा आहेत. पहिली, दुसऱ्याच्या मदतीशिवाय बसमध्ये चढणे, बसून जाणे किंवा उतरणे जमत नाही. दुसरी, व्हीलचेअर चढवण्याची सोय असलेली बस मिळाली तर प्रवास जमेल, पण त्या मार्गावर तशी बस नाही. तिसरी, प्रकृतीमुळे थांब्यापर्यंत जाणे किंवा थांब्यावरून पुढे जाणेच अशक्य आहे. बर्फ, चढ, अंतर यांच्यामुळे ती अडचण अशक्य कोटीला जात असेल, तर तेही जमेस धरले जाते. पाय मोडून काही महिने घरी बसलेल्यालाही तेवढ्या काळापुरता अर्ज करता येतो.

म्हणूनच अर्जात ‘मला संधिवात आहे’ एवढेच लिहून भागत नाही. घरापासून थांबा किती दूर आहे, वाटेत किती वेळा बसावे लागते, रस्ता ओलांडताना सिग्नलची वेळ पुरते का, वाईट दिवस आठवड्यातून किती येतात, हे लिहावे लागते. चांगल्या दिवसाचे वर्णन करणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण अर्धेच सांगत असतो.

आजोबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर लिहिले : ‘जाताना बसने जाऊ शकतो. परत येताना चक्कर येते, पाय लटपटतात. थांबा तीन चौक दूर आहे. मध्ये बसायला जागा नाही.’ डॉक्टरांनीही तसाच अभिप्राय दिला. कार्यालयाने भेटीला बोलावले, थोडे चालायला लावले, पायरी चढायला लावली. अठराव्या दिवशी पत्र आले. डायलिसिसहून परतताना दर वेळी, आणि बर्फ पडला असेल तेव्हा जातानाही, गाडी मिळणार होती. एरवी जाताना नेहमीची बस. याला ‘सशर्त पात्रता’ म्हणतात. जेवढे जमते तेवढे स्वतः करायचे, जमत नाही तिथे गाडी घ्यायची.

हक्क आणि मर्यादा

अर्ज संपूर्ण भरून दिल्यानंतर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत अर्जदाराला पात्र समजून सेवा द्यावी लागते. अर्जासाठी फी आकारता येत नाही. नकार द्यायचा तर कारणांसह लेखी द्यावा लागतो आणि त्यावर अपील करता येते. त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. भाडे त्याच प्रवासाच्या पूर्ण बसभाड्याच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही. ‘दवाखान्याला जाणार असाल तर आधी, देवळात जाणार असाल तर नंतर’ असा भेद करता येत नाही. मदतनीस लागतो असे नोंदवले असेल, तर त्याचे भाडे माफ असते. पुष्कळजण नेमकी हीच ओळ कोरी सोडतात. दुसऱ्या गावाहून आलेल्या अपंग पाहुण्यालाही वर्षात २१ दिवस ही सेवा घेता येते.

मर्यादाही आहेत. बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत आणि बस चालते त्याच वेळात ही सेवा देण्याचे बंधन आहे. जिथे बसच नाही, तिथे या कायद्याने गाडीही नाही. सांगितलेली वेळ एक तास पुढेमागे होऊ शकते. गाडी बोलावून वारंवार न जाणाऱ्याची सेवा काही काळ थांबवता येते. आणि ही रुग्णवाहिका नव्हे.

ही सोय कुणी दयेपोटी दिलेली नाही. १९७८ च्या जुलैत डेन्व्हर शहरात १९ अपंगांनी भर चौकात बस अडवून धरल्या, कारण त्यांना त्या बसमध्ये चढताच येत नव्हते. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला अनेकांनी व्हीलचेअर खाली ठेवून संसद भवनाच्या पायऱ्या हातांनी सरपटत चढून दाखवल्या. त्याच वर्षी २६ जुलैला कायद्यावर सही झाली. इतक्या कष्टाने मिळालेल्या हक्काचा अर्ज भरताना मान खाली घालण्याचे कारण काय?

आपल्याकडे हिशेब निराळा आहे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पण रेल्वेच्या सवलतीत हाडा-सांध्यांच्या अपंगत्वासाठी ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ ही अट आहेच, आणि ती पूर्ण करणाऱ्याच्या सोबत्यालाही सवलत मिळते. तेव्हा डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘तसं बरं आहे’ म्हणण्याची आपली जुनी सवय इथेही नडते. घरातल्यांनी आधी चार दिवस टिपण ठेवावे : कुठे अडले, कुठे पडले, कुणी धरले.

त्या घरी आता आठवड्यातून तीनदा दुपारी गाडी येऊन थांबते. सून कामावर असते. आजी दार उघडतात. “कसं वाटतंय?” असे त्यांनी विचारले की आजोबा पूर्वी “मस्त!” म्हणायचे. आता म्हणतात, “आज जरा जास्तच थकलो. पाणी दे.”