क्रॅक कॉपी सोडा, लिनक्स शिका

"परभणीजवळच्या पिंगळीतल्या पोरांना लिनक्स काय जमणार?" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. ती काही वेगळ्या मातीची नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. आता जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा, की दुकानातून क्रॅक कॉपी टाकून घ्यायची? माझ्या मते दोन्ही नको. क्रॅक ही चोरीच आहे, आणि तिच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो. लिनक्स १९९१मध्ये लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलं. आज ते कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, वाटावं.

नवशिक्या दोस्तांनो, पहिल्याच दिवशी विंडोज पुसू नका. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता चालवून बघा. वायफाय, प्रिंटर, मराठी-उर्दू टायपिंग तपासा. फायलींची कॉपी बाजूला ठेवा, मगच इन्स्टॉल करा. न समजलेली कमांड टर्मिनलमध्ये टाकू नका. एरर आली तर घाबरू नका, ती पूर्ण वाचा.

फोटोशॉप, टॅली थेट चालत नाही, हे मान्य. पण अर्ज, अभ्यास, कोडिंग यांचं काही अडत नाही.

जो शिकेल त्याने गावातल्या दोघांना शिकवावं. फुकट मिळालेली विद्या अडवून ठेवायची नसते.