शॉन ओगचे भाषण

भाषेचा अभिमान रक्तातूनच येतो, असे आपण सहज म्हणून जातो. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळातील शॉन ओग ओ हॅल्पीनकडे पाहिले की ते पटेनासे होते. वडील आयरिश, आई रोटुमा बेटावरची, जन्म १९७७ चा, फिजीतला, बालपण सिडनीत. कॉर्कला तो आला १९८८ मध्ये, आणि आयरिश शिकला ती तिथेच. २००५ साली कर्णधार म्हणून अखिल-आयर्लंड करंडक स्वीकारताना त्याने अख्खे भाषण आयरिशमधून केले. एरवी कर्णधार बहुधा दोन-चार आयरिश वाक्ये (तीही पाठ केल्यासारखी!) म्हणून इंग्रजीकडे वळतात. १९९९, २००४ आणि २००५ ही विजेतेपदे त्याच्या नावावर आहेतच. बिनपगारी खेळात तीही थोडी नव्हेत. २०१२ मध्ये तो कॉर्क संघातून निवृत्त झाला. मला मात्र करंडक हाती घेतलेली ती काही मिनिटेच अधिक मोलाची वाटतात.