रस्त्याचे पैसे रस्त्याला

वाकडहून हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी नऊच्या सुमारास जो कोणी अर्धा तास उभा राहील, त्याला महाराष्ट्रातील नगरनियोजनाचा इतिहास निराळा वाचण्याची गरज उरणार नाही. तेथे अवघ्या काही किलोमीटरच्या अंतरात महानगरपालिकेची हद्द संपते व ग्रामपंचायतीची सुरू होते. मध्ये येणारा महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. माहिती तंत्रज्ञान उद्यानातील रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे आहेत आणि भोवतालच्या गावांतील बांधकामांना परवानगी देण्याचा अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. प्रत्येकाची हद्द नकाशावर स्पष्ट आहे. मोटार, बस आणि दुचाकी यांना मात्र हद्दी कळत नाहीत. एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या वसाहतीतील माणूस दुसऱ्या हद्दीतून जातो आणि तिसऱ्या हद्दीत कामाला पोचतो. त्याच्या घराला परवानगी देणारी संस्था एक आणि त्याच्या वाटेतला चौक सांभाळणारी दुसरी, असा हा प्रकार आहे.

अशा स्थितीत, जे नव्या वसाहती उभारतात त्यांच्याकडून शुल्क घ्यावे आणि त्यातून केवळ वसाहतीपुढचा नव्हे, तर सगळ्या प्रदेशाला जोडणारा रस्ता सुधारावा, ही मागणी न्याय्यच म्हटली पाहिजे. ज्याच्या उद्योगामुळे रस्त्यावर हजारो वाहनांची भर पडते, त्याने त्या भाराचा वाटा उचलावा, यात अन्याय कोणता? तथापि, महाराष्ट्रात विकसकांकडून पैसे घ्यावेत की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. ते अनेक नावांनी घेतले जातातच. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. रस्त्यासाठी घेतलेला पैसा रस्त्यापर्यंत पोचतो, याची हमी कोण देणार?

जुना धडा विसरला गेला

ही कल्पना परदेशातून आलेली नाही आणि नवीही नाही. 1896च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या आखल्या. जमीन आधी घ्यायची, तीवर रस्ते आखून बांधायचे आणि मग भूखंड दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायचे, असा क्रम होता. ट्रस्टच्या कारभारात दोष होते आणि झोपड्या-चाळींतून उठविलेल्या गरिबांची त्याने पुरेशी सोय केली नाही, ही टीका रास्तच आहे. पण रस्ता आधी आणि घर नंतर, हा त्याचा क्रम चुकला नव्हता. हिंदू कॉलनीच्या किंवा पाच बागांच्या परिसरात हिंडणाऱ्याला तो आजही दिसतो.

पुढे 1915च्या मुंबई नगररचना कायद्याने आणखी एक तत्त्व मान्य केले. सार्वजनिक कामामुळे खाजगी जमिनीची किंमत वाढते, तेव्हा त्या वाढीतला काही भाग समाजाचा आहे, हे ते तत्त्व. नगररचना योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्त्यांसाठी जागा काढायची, उरलेले भूखंड नीट आखून परत द्यायचे आणि वाढीव मूल्याचा वाटा मालकांकडून घ्यायचा, अशी ही रीत होती. याच कायद्याच्या परंपरेतून पुढे मुंबई राज्याचा 1954चा कायदा आला. राज्य दुभंगल्यावर महाराष्ट्राने 1966 साली आणि गुजरातने 1976 साली आपापले कायदे केले. गुजरातने नगररचना योजना सोडल्या नाहीत. अहमदाबादभोवतीचा 76 किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळाकार मार्ग चालू शतकाच्या पहिल्या दशकात बांधला गेला, तो अशा योजनांचा आधार घेऊन. महाराष्ट्राने मात्र त्या दीर्घकाळ अडगळीत टाकल्या. पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ता 1997 साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेत आखला गेला. त्यानंतर त्याचे अंतर्गत व बाह्य असे दोन भाग झाले आणि आखणी वारंवार बदलली. अंतर्गत मार्गाची रुंदी 110 मीटरवरून 65 मीटरवर आली. त्या अवधीत इमारती मात्र थांबल्या नाहीत. घर आधी आणि रस्ता नंतर, अशी उलटी रीत पडली.

शुल्क आणि कर यांतील अंतर

1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 1992 साली विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. जमिनीचा विकास करणाऱ्याने वा बांधकाम करणाऱ्याने ते परवानगीच्या वेळी भरावयाचे असते. मेट्रोसारख्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी हे शुल्क दुप्पट करण्याची मुभा कायद्यात नंतर घालण्यात आली. जादा चटई क्षेत्रासाठी अधिमूल्य आहे. शिवाय मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घर विकत घेणाऱ्याला 1 एप्रिल 2022पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. म्हणजे घर घेणाऱ्या माणसाने वाहतुकीसाठी काहीच दिले नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. विकसकामार्फत आणि स्वतः, अशा दोन्ही वाटांनी तो देतच असतो. मोटार घेताना आणि पेट्रोल भरताना देतो, तो कर वेगळाच.

कायद्याने या शुल्कासाठी वेगळा विकास निधी सांगितला आहे, हे खरे. पण तो निधी प्राधिकरणाच्या साऱ्या क्षेत्राचा असतो. अमुक गावातून आलेला पैसा अमुक रस्त्यावर अमुक मुदतीत खर्च झाला पाहिजे, असे बंधन त्याला नाही. प्रशासकांना ही मोकळीक सोयीची वाटते. क्षेत्र मोठे असते, गरजा अनेक असतात आणि आज या चौकातला पैसा उद्या त्या पुलाला वापरावा लागतो, असे ते सांगतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु या मोकळिकीमुळेच शुल्क आणि कर यांतील अंतर पुसले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात हे अंतर स्पष्ट केले होते. कराच्या बदल्यात सरकारने विशिष्ट सेवा दिलीच पाहिजे असे नाही. शुल्काच्या बदल्यात मात्र सेवा दिली पाहिजे, आणि तो पैसा सर्वसाधारण महसुलात मिसळता कामा नये. नंतरच्या निकालांनी हा दंडक बराच सैल केला. कायद्याच्या दृष्टीने तो सैल झाला असेल, पण नीतीच्या दृष्टीने तो तितकाच घट्ट राहिला पाहिजे. शुल्क म्हणून पैसे घ्यायचे आणि कराप्रमाणे खर्च करायचे, ही लोकांची फसवणूक होय.

याचा अनुभव हरियाणात आला. त्या राज्याच्या 1975च्या कायद्याने खाजगी वसाहतकारांकडून वसाहतीबाहेरच्या रस्ते-पाण्यासाठी बाह्य विकास शुल्क घेण्याची पद्धत पडली आणि गुरुग्राम हे शहर मुख्यतः त्याच पद्धतीने वाढले. पण अनेक वसाहतकारांनी हप्ते थकविले आणि थकबाकी हजारो कोटी रुपयांवर गेली. जेथे पैसे आले तेथेही रस्ते वेळेवर आले नाहीत. आत कारंजी आणि बाहेर चिखल, असे त्या शहराचे चित्र पावसाळ्यात अनेकदा दिसले आहे. शुल्क लावणे हा सोपा भाग आहे. ते वसूल करणे आणि योग्य ठिकाणी खर्च करणे, हा राज्यकारभार होय.

शुल्काची रक्कम कशी ठरवावी, या बाबतीत अमेरिकेतील एक खटला बोलका आहे. कॅलिफोर्नियातील एल डोराडो परगण्यात एका गृहस्थाला स्वतःच्या जमिनीवर कारखान्यात तयार केलेले छोटे घर बसवायचे होते. परगण्याने त्याच्याकडून वाहतूक शुल्क म्हणून 23 हजार 420 डॉलर मागितले. त्याच्या एका घराने रस्त्यावर किती भार पडेल, हे कोणी मोजले नव्हते. तक्त्यातला आकडा लावला गेला होता. त्याने पैसे भरले आणि दावा लावला. 2024च्या एप्रिलमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, शुल्क विधिमंडळाने सरसकट ठरविले आहे एवढ्यानेच ते कसोटीतून सुटत नाही. त्या कसोटीचे दोन भाग आधीच्या निकालांनी ठरविले होते. शुल्काचा हेतू आणि बांधकामाचा परिणाम यांत नाते हवे, आणि शुल्काची रक्कम त्या परिणामाच्या साधारण प्रमाणात हवी. त्या गृहस्थाचे शुल्क या कसोटीला उतरते की नाही, हे ठरविण्याचे काम न्यायालयाने खालच्या न्यायालयांवर सोपविले. अमेरिकेचे घटनाशास्त्र आपल्याला लागू नाही. मालमत्तेच्या हक्काचे स्थानही आपल्याकडे वेगळे आहे. पण हे दोन प्रश्न शहाणपणाचे आहेत आणि शहाणपणाला पारपत्र लागत नाही.

बोजा कोणावर?

विकसकांचा नेहमीचा आक्षेप असा की, शुल्क वाढविले की घर महाग होते आणि शेवटी तो बोजा सामान्य ग्राहकावर पडतो. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. शुल्काचा दर वर्षानुवर्षे आधी जाहीर असेल आणि स्थिर असेल, तर जमीन विकत घेतानाच विकसक तो हिशेबात धरतो आणि जमिनीला तेवढी कमी किंमत देतो. म्हणजे बोजा मुख्यतः जमिनीच्या वाढीव किमतीवर पडतो. ही वाढ बहुधा मूळ शेतकऱ्याच्या पदरात पडलेलीच नसते. रस्त्याची आखणी आधी कळलेल्या आणि वेळीच जमिनी घेऊन ठेवलेल्या मंडळींकडे ती गेलेली असते. उलट, जमीन घेतल्यावर अकस्मात शुल्क वाढविले, तर विकसक ते ग्राहकाच्या माथी मारतो वा काम थांबवितो. तेव्हा शुल्क किती, याइतकेच ते किती स्थिर, हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे मात्र या आकारण्या बाजाराच्या लहरीप्रमाणे वरखाली होतात. 2021च्या जानेवारीत राज्य सरकारने बांधकामावरील अधिमूल्यात वर्षभरासाठी निम्मी सूट दिली. महासाथीच्या मंदीत तो निर्णय समर्थनीय ठरविता येईलही. पण जी रक्कम मंदीत निम्मी करता येते, तिचा रस्त्याच्या खर्चाशी संबंध नसून केवळ तिजोरीशी आहे, हे त्याने उघड झाले.

दुसरी एक मर्यादा शुल्काच्या समर्थकांनीही मान्य केली पाहिजे. गेल्या पंचवीस वर्षांत जे रस्ते झाले नाहीत, त्यांची सारी भरपाई उद्याच्या घरांकडून घेता येणार नाही. आज जे तुंबले आहे ते जुन्या परवानग्यांमुळे, आणि त्या देणाऱ्या शासनाने व त्यांचा लाभ घेतलेल्यांनी त्याचा भार उचलला पाहिजे. मालमत्ता कर आणि राज्याचा अर्थसंकल्प यांतून तो खर्च झाला पाहिजे. नव्या घराने फक्त आपल्या वाट्याचे द्यावे.

अटी कोणत्या?

हे सारे लक्षात घेतले, तर प्रादेशिक रस्त्यांसाठी शुल्क घेताना काही अटी कायद्यातच घालाव्या लागतील. शुल्क महानगर प्रदेशातील सर्व हद्दींत एकाच मोजमापाने लागावे. नाहीतर बांधकाम कमी शुल्काच्या गावाकडे पळते. ते कोणत्या रस्त्यांसाठी आहे, त्याची यादी, अंदाजे खर्च आणि नव्या बांधकामांचा वाटा आधी प्रसिद्ध करावा. प्रत्येक रस्त्याचे खाते स्वतंत्र असावे आणि दरवर्षी त्याचा हिशेब लोकांपुढे यावा. हद्दी बदलल्या तरी पैसा रस्त्याबरोबरच जावा. 2021 साली 23 गावे पुणे महानगरपालिकेत आली, पण तेथील नियोजनाचे अधिकार प्रदेश प्राधिकरणाकडे राहिले. परिणामी शुल्क एकाकडे आणि नागरी सोयींची जबाबदारी दुसऱ्याकडे, असा वाद उभा राहिला. खाते रस्त्याच्या नावे असते, तर त्याला जागाच उरली नसती. ठरल्या मुदतीत काम सुरू झाले नाही, तर पैसे व्याजासह परत करावेत, आणि ते विकसकाला नव्हे, तर ज्याने घर घेतले त्याला. शेवटची अट सर्वांत कठीण, पण सर्वांत आवश्यक आहे. मोठ्या वसाहतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना प्रदेशाला जोडणारा रस्ता कोठवर आला, हे पाहिले जावे. एकात्मिक नगर वसाहतीच्या नियमांनी निदान 18 मीटर रुंदीच्या रस्त्याची अट घातली आहे. पण तो रुंद रस्ता पुढे कोणत्या अरुंद पुलावर जाऊन अडकतो, हे विचारले गेलेले नाही.

या अटी अव्यवहार्य आहेत, असे म्हणण्याचा अधिकार शासनाला नाही. कारण यांतली मुख्य अट त्याने इतरांना घातलेली आहे. 2016च्या स्थावर संपदा कायद्यानुसार विकसकाने ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. एका इमारतीचे पैसे दुसरीत गुंतवून दोन्ही अर्धवट ठेवण्याचा धंदा थांबावा, म्हणून हा निर्बंध आला आणि तो योग्यच होता. मग त्याच घराच्या किमतीतून शासनाकडे गेलेल्या पैशाला हा न्याय का नसावा? विकसकाने इमारत अपुरी ठेवली तर ग्राहक प्राधिकरणाकडे दाद मागू शकतो. शासनाने रस्ता अपुरा ठेवला, तर तो रोज दोन तास वाहनांच्या रांगेत बसतो आणि त्या तासांचा हिशेब कोणाच्याच खात्यात होत नाही.

विकास शुल्काला शासन आजवर उत्पन्न समजत आले. ते ऋण आहे, आणि ज्याने आयुष्याची कमाई घालून घर घेतले, तो त्याचा धनको आहे. रस्ता होईपर्यंत हे ऋण फिटत नाही, एवढे कायद्यात एकदा नोंदले गेले, तर शुल्काला होणारा विरोध पुष्कळसा मावळेल. ते नोंदायची तयारी नसेल, तर नवे शुल्क लावण्यापूर्वी जुन्या पैशाचा हिशेब प्रथम द्यावा.